वेंडेल क्रुपिकाचे तीन टक्के

वेंडेल क्रुपिकाने लिहिलेलं वाक्य आठ शब्दांचं होतं आणि त्यातला एकही शब्द शिवी नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण पुढे बेल्डन गावात जे झालं ते नुसतं ऐकलं तर कुणालाही वाटेल, की या माणसाने एक तर चर्च जाळलं असणार, नाहीतर कोणाची तरी बायको पळवली असणार. वेंडेल यातलं काहीच करण्यासारखा नव्हता. एकतीस वर्षं तो विमा विकत होता. गारपिटीचा, आगीचा, मोटारीचा, आणि समोरचा माणूस ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत असेल तर आयुष्याचा.

झालं असं, की 'बेल्डन बीकन'मध्ये खेळाचं पान लिहिणाऱ्या गृहस्थांचं पित्ताशय नेमकं ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात काढावं लागलं. बेल्डन कॉलेजच्या फुटबॉलचा, म्हणजे बॉल हातात घेऊन पळायच्या अमेरिकी फुटबॉलचा, मोसम तोंडावर आलेला. सलामीच्या सामन्याआधीचा लेख हवा होता. संपादिका फे लिंडमनने वेंडेलला फोन केला.

"सहाशे शब्द दे. तुला काय अवघड आहे? भविष्याचाच धंदा तुझा."

"विम्याचा," वेंडेल म्हणाला.

"तेच ते. बुधवारी दुपारपर्यंत दे."

हा लेख म्हणजे खरं तर मंगलाष्टकांसारखा प्रकार. नवरा-नवरीची नावं बदलायची, बाकी सगळं तेच. बेल्डनचे 'बुल्स' सलामीला नेहमी एखादं मरतुकडं कॉलेज बोलवायचे, त्याला पन्नासेक गुणांनी लोळवायचे आणि उरलेला मोसम त्या आठवणीवर काढायचे. यंदाचा पाहुणा होता नेब्रास्कातल्या माळरानावरचं सेंट ओडिलो कॉलेज. त्यांच्या संघाचं नाव 'हेरन्स', म्हणजे बगळे. बगळे लागोपाठ अडतीस सामने हरलेले होते. बैल आणि बगळा समोरासमोर आल्यावर काय होतं? बगळा फार तर बैलाच्या पाठीवर बसतो आणि गोचिड्या वेचतो. यात लिहिण्यासारखं काय होतं?

वेंडेलने लिहिलं. आमची मुलं तयार आहेत, कोच समाधानी आहेत, गवत कापलेलं आहे. पाचशे नव्वद शब्द झाले आणि गाडी अडली. दुसरा कुणी असता तर 'चलो बेल्डन' पाच वेळा लिहून मोकळा झाला असता. पण वेंडेलला वाटलं, आपलं नाव छापून येणार, तर निदान एक वाक्य तरी आपल्या धंद्याला शोभेल असं असावं. त्याने विम्याच्या अर्जाच्या पाठीमागे तक्ता आखला. बुल्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे ज्याच्या हातून सगळा खेळ फिरतो तो पोरगा, त्याला सप्टेंबरात परागकणांनी शिंका येतात, त्याचे इतके. वीज पडण्याचे इतके. शुक्रवारच्या मेजवानीत बटाट्याचं सॅलड बाधण्याचे इतके. पंचाचा चष्मा. कोचचा मेहुणा. सगळ्याची बेरीज केली आणि लिहिलं : 'हेरन्स जिंकण्याची शक्यता साधारण तीन टक्के धरायला हवी.'

बायकोला वाचून दाखवलं. आर्डिस मक्याची कणसं सोलत होती. ती म्हणाली, "तीन?"

"बेरीज तेवढीच येते."

"हं," आर्डिस म्हणाली आणि पुढचं कणीस उचललं. एकतीस वर्षांच्या संसारात तिने काढलेला हा सगळ्यात चुकीचा 'हं' होता, असं ती पुढे कबूल करायची.

गुरुवारी सकाळी पेपर आला. पावणेआठला शेजारचा डेल्बर्ट हाउगे कुंपणाशी येऊन उभा राहिला. डेल्बर्टचं लोखंडी सामानाचं दुकान होतं आणि तो बुल्सच्या पाठीराख्या मंडळाचा अध्यक्ष होता. दोघांनी एकमेकांच्या मुलांची लग्नं पाहिली होती, एकमेकांची गवत कापायची यंत्रं बिघडवली होती.

"वेंडेल, छपाईची चूक झालीय."

"कुठे?"

"तीन छापलंय."

"तीनच आहे ते."

डेल्बर्टने पेपर पुन्हा उघडला, जणू मधल्या वेळात आकडा शरमेने उतरला असेल. "म्हणजे शंभर वेळा खेळलो तर आपण तीनदा हरू? या बगळ्यांकडून?"

"साधारण."

"कोणते तीन?"

या प्रश्नाला विमाशास्त्रात उत्तर नाही. वेंडेलने ते समजावून सांगायचा प्रयत्न केला. डेल्बर्टने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हे बघ, तू माझा मित्र आहेस. आपण दोन करू."

"तो काही भोपळा आहे का, भाव करायला?"

"दीड. दीडवर मी मंडळाला कसंबसं समजावीन."

वेंडेल म्हणाला, की आकडा म्हणजे आकडा. डेल्बर्टने पेपरची घडी केली आणि काही न बोलता घरात निघून गेला. कुंपणाशी उभं राहून काही न बोलता निघून जाणं ही त्या माणसाच्या हयातीतली पहिलीच घटना होती.

त्यानंतर गावातल्या प्रत्येकाने सल्ला दिला. पोस्टातल्या बाई म्हणाल्या, 'जवळजवळ' हा शब्द घालायला हवा होता. धान्याच्या कोठारावरचे म्हातारे सकाळी ज्या टेबलाशी कॉफी पितात, तिथे वेंडेलची खुर्ची होती. शुक्रवारी तिच्यावर कुणीतरी खताचं पोतं ठेवलेलं होतं, आणि ते पोतं कुणाचं हे टेबलावरच्या सहाही जणांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. पण सगळ्यात वाईट प्रसंग दंतवैद्याकडे आला. डॉक्टर रस्क स्वतः चाळीस वर्षांपूर्वी बुल्सकडून खेळलेले. वेंडेलने तोंड उघडल्यावर त्यांनी आत आरसा घातला, नळी घातली, कापूस कोंबला, आणि मग म्हणाले, "आता मला ते तीन टक्के समजावून सांगा."

"आ," वेंडेल म्हणाला.

"मीही तेच म्हणतो. आणि आमच्या वेळचं धरलंत का? एकोणीसशे त्रेपन्न साली सलामीला आम्ही साठ गुण केले होते."

"आआ."

"मग धरा ना. परंपरा नावाची काही गोष्ट असते की नाही? की दात एकदम सगळे काढायचे?" असं म्हणून त्यांनी यंत्र सुरू केलं. वेंडेलने बाहेर पडून जिभेने दात मोजले. पूर्ण होते. तेवढी सज्जनता गावात शिल्लक होती.

सोमवारी कॉलेजच्या क्रीडा कार्यालयाचं पत्र आलं. स्टेडियममध्ये चौदाव्या रांगेत वेंडेल आणि आर्डिस एकोणीस वर्षं त्याच दोन जागांवर बसत होते. त्या फळ्या त्यांच्या बैठकीच्या आकाराच्या झाल्या होत्या. पत्रात लिहिलं होतं, की 'पाठीराखा म्हणून आपल्या स्थितीचा फेरविचार होईपर्यंत' त्या जागा काढून घेण्यात येत आहेत.

मंगळवारी तो कार्यालयात गेला. तिथे ओपल डिटमर नावाच्या बाई बसत. स्वभावाने अगदी मऊ. पण त्यांच्याकडे फॉर्म होते, आणि फॉर्म हातात असलेल्या माणसाचा स्वभाव कसा आहे याला फारसा अर्थ उरत नाही.

"इथे तीन चौकोन आहेत बघा," ओपलबाई म्हणाल्या. "पाठीराखा, वार्ताहर आणि पाहुणा. तुम्ही कोण?"

"पाठीराखा. एकोणीस वर्षं."

"पण तुम्ही पेपरात लिहिलंत. म्हणजे वार्ताहर."

"बरं, वार्ताहर."

"वार्ताहरांच्या खोलीत सात खुर्च्या आहेत आणि त्या भरल्यात. शिवाय वार्ताहराला पत्नी आणता येत नाही."

"मग पाठीराखाच लिहा."

"पाठीराख्याने खाली सही करायची असते, की त्याला बुल्सच्या विजयाबद्दल शंका नाही. तुम्हाला किती आहे?"

"तीन टक्के," वेंडेल म्हणाला. त्याला खोटं बोलता येत नसे असं नाही, पण फॉर्मवर येत नसे. खोट्या फॉर्मचं काय होतं हे त्याने धंद्यात पाहिलं होतं.

ओपलबाईंनी खेदाने मान हलवली. "मग राहिला पाहुणा. पण तुम्ही पाहुणे नाही आहात, असं पाहुण्या कॉलेजने लिहून दिलं तर मला तुमचं प्रकरण वर पाठवता येईल. नियम अकरा."

म्हणजे ज्या सेंट ओडिलोशी आपला काडीचाही संबंध नाही, त्या सेंट ओडिलोकडून आपला संबंध नाही असा दाखला आणायचा. वेंडेलला यातलं तर्कशास्त्र कळलं, आणि कळलं याचंच त्याला जास्त वाईट वाटलं.

बुधवारी त्याने फोन लावला. बराच वेळ घंटा वाजल्यावर कुणीतरी धापा टाकत उचलला. "वॉलब्रिंक. घाईत आहे, वर्गात काहीतरी उकळतंय." हे हेरन्सचे कोच लिओ वॉलब्रिंक. ते रसायनशास्त्र शिकवत आणि संघाची बसही तेच चालवत.

"मी बेल्डनहून वेंडेल क्रुपिका बोलतोय."

कोच हळू आवाजात म्हणाले, "तीन टक्केवाले?"

"हो, पण तो..."

"एक मिनिट." नाक शिंकरल्याचा आवाज आला. "क्रुपिकासाहेब, अकरा वर्षं मी इथे आहे. आमच्याबद्दल पेपरात काय येतं माहीत आहे? 'पाहुणे शनिवारी पोचतील.' बस. एका गावाने तर आमचं नावच चुकवलं आणि त्याच नावाने हरवलं. तुमचं कात्रण कुणीतरी पाठवलं आम्हाला. मी ते कपडे बदलायच्या खोलीच्या दारावर लावलंय. मुलं बाहेर पडताना त्याला हात लावून जातात. काल एकाने विचारलं, सर, हा माणूस आपल्याला ओळखतो का? मी म्हटलं, ओळखत नाही, हीच तर गंमत आहे."

अशा माणसाकडे 'माझा तुमच्याशी काही संबंध नाही' हा दाखला मागणं किती कठीण असतं ते मागून पाहिल्याशिवाय कळत नाही. वेंडेलने मागितला. फॉर्मचं कारण सांगितलं, नियम अकरा सांगितला, घसा खाकरला. कोच म्हणाले, "हवं ते देतो. लगेच फॅक्स करतो."

फॅक्स आला थेट ओपलबाईंच्या टेबलावर. 'आमच्या संस्थेशी संबंध' या ओळीवर कोच वॉलब्रिंकने मोठ्या अक्षरात लिहिलं होतं : 'आमचाच माणूस. सन्माननीय.' खाली कॉलेजच्या फादरची सही, शिक्का, आणि कोपऱ्यात बगळ्याचं चित्र.

संध्याकाळपर्यंत वेंडेल आणि आर्डिसला पाहुण्यांच्या बाजूच्या जागा मिळाल्या. पहिली रांग. त्या बाजूला गर्दी कधीच नसल्यामुळे कुठलीही रांग पहिलीच असायची.

आर्डिस अजूनपर्यंत नवऱ्यावर फारशी चिडली नव्हती. पण त्याच दिवशी मंडळाची यादी आली. सलामीच्या सामन्याआधी कॉलेजच्या हिरवळीवर गावजेवण असतं आणि त्यात बीन्स आर्डिसच्या असतात. काकवी घालून सहा तास मंद आचेवर भाजलेल्या, वर डुकराच्या चरबीचा कुरकुरीत थर. बावीस वर्षं. या बीन्सवर एका गव्हर्नराने दुसऱ्यांदा ताट पुढे केलं होतं. यादीत बीन्ससमोर डॉक्टर रस्कच्या सुनेचं नाव होतं. आर्डिस क्रुपिका हे नाव अगदी शेवटच्या ओळीत होतं : कागदी रुमाल.

आर्डिसने यादी दोनदा वाचली, चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"वेंडेल, एक टक्का लिहिला असतास तर मेला असतास का?"

"बेरीज तीन येत होती."

"तुझी बेरीज नेहमी काहीतरी येते. माझी बहीण नवऱ्याला सोडून आली तेव्हाही तू बेरीज केली होतीस. तुला कधी वाटत नाही का, की एखादी गोष्ट नुसती म्हणायची असते म्हणून म्हणावी?"

"रुमाल फारच झालं," वेंडेल पुटपुटला.

"शेजारीण मला विचारते, रुमाल पांढरे आणणार की रंगीत. मी, आर्डिस क्रुपिका, आणि मला रंग विचारतात." आणि ती स्वयंपाकघरात गेली आणि तिथे भांडी एकमेकांवर जरा जोरातच ठेवू लागली. वेंडेल बराच वेळ त्या आवाजाकडे कान लावून बसला. गावाने खुर्ची काढून घेतली होती, जागा काढून घेतली होती, ते त्याने सोसलं होतं. पण बायकोच्या हातातून डाव काढून रुमाल देणं हे त्याच्या कुठल्याच तक्त्यात बसत नव्हतं.

म्हणून गुरुवारी डेल्बर्ट पाद्रीबुवांना घेऊन तडजोडीला आला तेव्हा वेंडेलने दार लगेच उघडलं. पाद्रीबुवा मध्ये बसले. डेल्बर्ट त्यांच्याशी बोलला आणि पाद्रीबुवांनी ते वेंडेलला सांगितलं, जरी तिघे एकाच सोफ्यावर होते.

"डेल्बर्टचं म्हणणं असं, की शनिवारी सामन्याआधी मैदानाच्या मधोमध मायक्रोफोन असतो. वेंडेलने तिथे येऊन एकच शब्द बोलावा. शून्य."

"आणि?"

"आणि पुढच्या सलामीपासून बीन्स पुन्हा आर्डिसच्या."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. वेंडेल म्हणाला, "बोलतो."

शुक्रवारी दिवसभर त्याने गॅरेजमध्ये सराव केला. गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. एकतीस वर्षांत त्याने कुठल्याही गिऱ्हाइकाला शून्य हा शब्द म्हटलेला नव्हता. घराला आग लागण्याची शक्यता शून्य असती तर वेंडेल क्रुपिका काय खाणार होता? तो गाडीच्या काचेत बघून म्हणायचा, "शून्य." मग जीभ आपोआप पुढे ढकलायची, "...च्या जवळपास." दुपारी चारपर्यंत शेपूट आखूड होत होत नुसता खोकला उरला, तेव्हा त्याने सराव थांबवला.

शनिवारी सकाळी आर्डिसने कागदी रुमाल घेतले. पांढरे. आणि मोटारीच्या डिकीत बीन्सचं मोठं बीडाचं भांडंही ठेवलं.

"हे कशाला?" वेंडेलने विचारलं.

"काल मी भिजत घातल्या होत्या. बावीस वर्षं सलामीच्या आदल्या दिवशी भिजत घालते. हाताला यादी वाचता येत नाही."

हिरवळीवर रुमाल वाटून झाले. लोक घ्यायचे आणि आर्डिसच्या खांद्यामागे बघून आभार मानायचे. बीन्सच्या टेबलावर डॉक्टरांची सून उभी होती. तिच्या बीन्स डब्यातल्या होत्या हे वासावरूनच कळत होतं. आर्डिस पार्किंगमध्ये येऊन डिकीवर बसली. तेवढ्यात वाफ सोडत, खडखडत एक पिवळी बस आत शिरली आणि त्यांच्या मोटारीशेजारी येऊन आचका देऊन बंद पडली.

चालकाच्या जागेवरून कोच वॉलब्रिंक उतरले. बारीक, उंच, मान पुढे काढून चालणारे; संघाचं नाव त्यांच्यावरूनच ठेवलं असावं. मागून चौतीस मुलं उतरली. बुल्सची नव्वद होती, त्यातली तीस तर नुसती उभी राहायला. बस वाटेत दोनदा थांबली होती, इंजिन तापलं होतं, मुलांनी वाटणीचं पिण्याचं पाणी त्याच्यात ओतलं होतं आणि नाश्ता ज्या गावात ठरला होता ते गाव आडरस्त्यावर मागेच राहिलं होतं. पहाटे साडेचारपासून कुणाच्या पोटात काही नव्हतं.

"क्रुपिकासाहेब?" कोचने त्याला ओळखलं, कारण बेल्डनमध्ये एकटा पडलेला दुसरा माणूस दिसत नव्हता. मुलं रांगेने पुढे आली आणि एकेकाने वेंडेलशी हात मिळवला, अंत्यविधीला मिळवतात तसा, गंभीरपणे. शेवटचा मेल्विन नावाचा एक अगडबंब मुलगा होता. त्याने हात सोडला नाही. तो हुंगत होता.

"मॅडम," तो आर्डिसला म्हणाला, "तुमच्या डिकीत काय आहे?"

आर्डिसने झाकण काढलं.

पुढची वीस मिनिटं पार्किंगमध्ये मिटक्यांखेरीज काही ऐकू आलं नाही. मुलांनी उरलेल्या कागदी रुमालांच्या पुड्या करून त्यात बीन्स घेतल्या. मेल्विनने तिसऱ्यांदा घेतल्यावर विचारलं, "यात काकवीबरोबर मोहरीची पूड आहे का?" आर्डिसने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं तिने स्वतःच्या मुलीच्या लग्नातही कुणाकडे पाहिलं नव्हतं. बावीस वर्षांत बेल्डनच्या एकाही जिभेने मोहरी ओळखली नव्हती.

भांडं पुसून झालं तेव्हा दीड वाजला होता आणि कर्ण्यावरून वेंडेल क्रुपिकाचं नाव पुकारलं जात होतं.

नऊ हजार माणसांसमोर मैदानाच्या मध्यापर्यंत चालत जायचं म्हणजे किती लांब असतं ते बाहेरून कळत नाही. एका बाजूला डेल्बर्ट टोपी छातीशी धरून उभा होता आणि हाताने 'चांगलं चाललंय' अशी खूण करत होता. दुसऱ्या बाजूला चौतीस मुलं शिरस्त्राणं काखेत धरून ओळीत उभी होती. त्यांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं. त्यांना वाटत होतं, आपला माणूस आपल्याबद्दल दोन शब्द बोलणार. काहींच्या हनुवटीला अजून काकवी होती.

"मी पेपरात तीन टक्के लिहिलं होतं," वेंडेल मायक्रोफोनमध्ये म्हणाला. "तो आकडा चुकीचा आहे."

टाळ्यांचा एवढा गजर झाला की वेंडेलला थांबावं लागलं. डेल्बर्ट शेजाऱ्याला मिठी मारत होता. पाद्रीबुवांनी आभाळाकडे पाहिलं. आता फक्त एक शब्द राहिला होता. वेंडेलने तोंड उघडलं, ओठ त्या शब्दाच्या आकाराचे केले, आणि समोर पार्किंगच्या जाळीशी रिकामं भांडं कमरेवर घेऊन उभी असलेली आर्डिस त्याला दिसली. ती हसत होती. दहा दिवसांत पहिल्यांदा.

"लिहिलं तेव्हाची परिस्थिती वेगळी होती," तो म्हणाला. "मघाशी ही मुलं उपाशी होती. आता ती जेवली आहेत. ते धरल्यावर..." तो थांबला, मनातल्या मनात पुन्हा एकदा बेरीज केली. "चार."

मग जे झालं त्याला आवाज म्हणता येणार नाही. मालगाडी रुळावरून घसरताना ऐकली असेल तर थोडी कल्पना येईल. ओपलबाईंनी कार्यालयाच्या खिडकीतून हे पाहिलं आणि एक नवा फॉर्म काढला. पाहुण्यांच्या बाजूला मात्र चौतीस मुलं एकमेकांच्या अंगावर उड्या मारत होती, आणि कोच वॉलब्रिंक चष्मा पुसत होते.

सामना सुरू होऊन तीन मिनिटं झाली असतील. बुल्सच्या क्वार्टरबॅकच्या हातून बॉल साबणाच्या वडीसारखा सटकला आणि मेल्विनच्या पोटावर येऊन बसला. मेल्विनच्या आयुष्यात बॉल कधी आलेला नव्हता. त्याचं काम समोरच्याला अडवणं. त्याने खाली पाहिलं, बॉल ओळखला, आणि धावायला लागला. साठ यार्ड. धावताना तो अंगाने इकडेतिकडे डुलत होता, पण त्याच्या वाटेत यावं असं कुणालाच वाटेना.

"पळ, मेल्विन," पहिल्या रांगेतून आर्डिस ओरडली. "पळ रे बाळा, मागे बघू नकोस."

मेल्विनने मैदानाच्या टोकाची रेषा ओलांडली. सात शून्य, बगळे पुढे.

पुढली अकरा मिनिटं नऊ हजार माणसं मैदानाकडे न पाहता पाहुण्यांच्या बाजूला बसलेल्या एका विमावाल्याकडे पाहत होती. आणि वेंडेलची अवस्था काय वर्णावी? आपल्या मुलांनी हरावं असं त्याला कधीच वाटलं नव्हतं. त्याचा मुलगा याच मैदानावर खेळला होता. तो मनात म्हणत होता, देवा, चार म्हणजे चारच असू दे. आणि शेजारी आर्डिस उभी राहून गळा फाडत होती, तिच्यासाठी त्याला वाटत होतं, चार थोडे जास्त असते तरी चाललं असतं. एका माणसाने एकाच वेळी किती बाजूंनी असावं याला काही मर्यादा हवी.

मग बुल्स जागे झाले. संपलं तेव्हा पाटीवर पंचेचाळीस-सात होते. बेल्डन जिंकलं होतं, म्हणजे शंभरातले शहाण्णव खरे ठरले होते. वेंडेलला वाटलं, निदान आता तरी कुणीतरी येऊन म्हणेल, की बाबा, तुझा हिशेब बरोबर होता. कुणी आलं नाही. फक्त मेल्विन आला. त्याने आर्डिसला विचारलं, मोहरी पिवळी की काळी.

रविवारी दुपारी वेंडेल अंगणात नळीने टोमॅटोला पाणी घालत होता. कुंपणाशी डेल्बर्ट येऊन उभा राहिला.

"टोमॅटो चांगले आलेत," तो म्हणाला.

"ठीक आहेत."

"पुढच्या शनिवारी आपण राज्य विद्यापीठाकडे जातोय. सत्तर हजारांचं स्टेडियम. त्यांची पोरं पाहिलीस? एकेक गोठ्याएवढं आहे." डेल्बर्टने टोपी काढली, आत पाहिलं, पुन्हा घातली. "दुकानात काल संध्याकाळी सगळे विचारत होते. डॉक्टर रस्कही विचारत होते. आपलं... म्हणजे आपले किती धरतोस?"

वेंडेलने नळी खाली ठेवली. त्याने डोक्यात तक्ता आखला. त्यांची वजनं, आपली वजनं, त्यांचं मैदान, वीज, पंच. वीज दोनदा धरून पाहिली. मग त्याने डेल्बर्टकडे पाहिलं. पंचवीस वर्षांपासूनचा शेजारी, पोट सुटलेलं, बुल्सचा जुना शर्ट त्यावर ताणलेला, आणि श्वास रोखून उभा.

"एक टक्का," वेंडेल म्हणाला.

डेल्बर्टचा चेहरा असा उजळला, की वेंडेलने नजर वळवली. "एक? खरंच? तू लिहून देशील?"

"फेला सांग, गुरुवारच्या पेपरात घालू दे."

डेल्बर्ट जवळजवळ पळत गेला. पाच मिनिटांत त्याचा आवाज गल्लीच्या टोकावरून ऐकू आला, "एक टक्का म्हणाला तो. वेंडेल म्हणाला, आणि तो उगाच बोलत नाही."

वेंडेल आत आला. आर्डिस खिडकीशी उभी राहून काकडी चिरत होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"खरा आकडा किती होता?" तिने विचारलं.

वेंडेल खुर्चीत बसला. इतक्या वर्षांत कुणाला न सांगितलेली गोष्ट सांगावी तसा तो खाली बघून म्हणाला, "काही येतच नव्हतं. मी तीनदा बेरीज करून पाहिली."

आर्डिसची सुरी थांबली. मग तिने काकडीचा एक काप मीठ लावून त्याच्यापुढे धरला.

"खा," ती म्हणाली.